गाडी कापू नका, फळ्या कापा

सातारा-सांगलीच्या कुठल्याही गल्लीत एखादी इको उभी असतेच. सकाळी शाळेची पोरं, दुपारी दुकानाचा माल, लगीनसराईत वऱ्हाड आणि अडीअडचणीला मिरजेच्या दवाखान्याची फेरी. आठवडाभर राबणाऱ्या याच गाडीत शनिवारी रात्री दोन माणसांची झोपायची सोय झाली तर लॉजचा खर्च वाचेल, मनात येईल तिथं जाता येईल, असा विचार हल्ली बऱ्याच घरांत निघतो. मोबाईलवर कुणाची तरी सजवलेली गाडी पाहिलेली असते. आत पलंग, बेसिन, कपाटं, छताला खिडकी. मग गॅरेजवाल्याला फोन जातो. मला जे सांगायचं आहे ते तो फोन लावण्याआधी ऐका.

गाडीला हात लावू नका. पत्रा कापू नका, तळाला भोकं पाडू नका, वायरिंगमधून जोड काढू नका. झोपायची, चहाची, सामानाची जी काही सोय करायची ती सुट्या सामानाची करा. शनिवारी दुपारी अर्ध्या तासात ते गाडीत चढलं पाहिजे आणि रविवारी रात्री उतरून भिंतीला टेकलं पाहिजे. सोमवारी सकाळी गाडी पुन्हा होती तशी. कायदा, पैसा आणि घरातली शांतता या तिन्हींच्या दृष्टीनं हाच रस्ता सरळ आहे.

ही कल्पना माझी नाही आणि नवीही नाही. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत वेस्टफालिया कंपनीनं फोक्सवॅगनच्या व्हॅनसाठी एक लाकडी खोका काढला. आठवडाभर मालवाहतूक करणाऱ्या गाडीत सुट्टीला तो ठेवायचा, त्याचाच बिछाना व्हायचा, त्यातच भांडीकुंडी राहायची. पुढं जगभर गाजलेल्या कॅम्पर गाड्यांची सुरुवात ही अशी सुट्या खोक्यातून झाली. आपली मारुती व्हॅन, म्हणजे १९८४ साली आलेली आणि पुढं ओम्नी म्हणून ओळखली गेलेली गाडी, जपानच्या सुझुकी कॅरीवर बेतलेली. त्या जपानात छोट्या व्हॅनमध्ये फळ्या टाकून मुक्काम करणारी माणसं आज भरपूर आहेत. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. २०१० मध्ये आलेली इको तिचीच जागा चालवते आहे. या दोन्ही गाड्या मुळात चौकोनी आणि पोकळ, म्हणून या कामाला सोयीच्या.

आणि इतक्या लांब तरी कशाला जा? आषाढीच्या आधी माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांना दिंड्यांचे ट्रक बघा. ट्रकच्या फाळक्याला ताडपत्री बांधली की तिच्याखाली स्वयंपाकघर उभं राहतं. पातेली कुठं, कणीक कुठं, राहुटीचे बांबू कुठं, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली. पहाटे सगळं पुन्हा गाडीत. वारी संपली की तोच ट्रक मालाच्या फेऱ्यांना मोकळा. त्या ट्रकला कुणी कायमचं स्वयंपाकघर बसवत नाही, कारण मालकाला बाकीचं वर्ष त्याच ट्रकवर पोट भरायचं असतं. तुमच्या व्हॅनलाही हाच हिशोब लागू आहे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकात गाडीचा जो तपशील आहे त्याच्याशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच बजावलं: कंपनीनं ज्या रचनेची गाडी दिली आणि नोंदवली, तिच्या विरुद्ध फेरफार चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही ठरवली. नियमाबाहेरच्या प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कायदेशीर कॅम्पर होतच नाही असं नाही. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे आणि महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही जाहीर केलं. पण तो रस्ता भाड्यानं गाड्या देणाऱ्यांचा, पर्यटनाचा धंदा करणाऱ्यांचा आहे. घरच्या एका इकोसाठी त्या कागदांच्या मागं लागणं परवडत नाही.

सुटं सामान म्हणजे मात्र सामानच. पेटी, फळ्या, गादी यांना आरटीओची परवानगी लागत नाही. अडचण येते ती सीटची. नोंदणी पुस्तकात गाडी किती आसनांची ते लिहिलेलं असतं. तुमच्या मॉडेलमध्ये मागच्या सीटची पाठ दुमडत असेल तर प्रश्नच मिटला. दुमडत नसेल आणि सीटचे बोल्ट काढल्याशिवाय भागत नसेल, तर आधी सातारा, कराड किंवा सांगलीच्या आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा, विमा कंपनीला कळवा आणि मगच पाना हातात घ्या. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा गाडीत काय बदल केलेत हेच बघते. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर सीटला अजिबात हात लावू नका, तिथं परमिट आणि फिटनेसही आडवे येतात. काचांना काळी फिल्म लावायचा मोहही नको. २०१२ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं तिला मनाई केली आहे. मुक्कामाला पोचल्यावर वेल्क्रोनं चिकटवायचे जाड कापडाचे पडदे शिवून घ्या आणि गाडी सुरू करण्याआधी ते काढून ठेवा.

माप, प्लाय आणि फोम

आता सुताराकडे जाऊ. जाताना गाडी घेऊन जा, कागदावरचं माप नेऊ नका. तीन मापं महत्त्वाची. पहिलं, पुढची सीट सगळ्यात पुढं सरकवून तिच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची लांबी; दार बंद करून मोजा. दुसरं, दोन चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी, कारण गाडी बाहेरून दिसते तेवढी आत रुंद नसते. तिसरं माप बहुतेक जण विसरतात, ते उंचीचं. फळी उंच बसवली की खाली सामान जास्त मावतं, पण वर ताठ बसता येत नाही आणि पावसाची एक संध्याकाळ मान वाकवून काढावी लागते. फळी अधिक चार इंच गादी धरून, त्यावर घरातल्या सगळ्यात उंच माणसाचं डोकं छताला लागता कामा नये. आधी बसा, मग खूण करा.

रचना साधी ठेवा. डिकीत एक खोका आणि त्याच्या पुढं तीन सुट्या फळ्या. खोक्याला मागच्या बाजूनं उघडणारा एक खण करून घ्या. इकोचं मागचं दार वर उघडतं, त्यामुळं त्याच्या सावलीत उभं राहून चहा करता येतो. फळ्यांना खाली दुमडणारे पाय, पियानो बिजागरीवर. बारा एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय पुरतो. आठ बाय चारच्या एका शीटचं वजन वीस-पंचवीस किलोच्या घरात जातं, हे लक्षात ठेवून सुताराला अठरा एमएमला नाही म्हणा. सगळं मिळून चाळीस किलोच्या आत आणि कुठलाही एक नग घरातल्या दोघांना सहज उचलता येईल असा हवा. उचलायला चार माणसं लागली की ते सामान पावसाळ्यानंतर माळ्यावर जातं आणि तिथंच राहतं.

खोका हलता कामा नये. त्यासाठी तळाला भोक नको. सीटच्या मूळच्या पायांना किंवा कंपनीनं दिलेल्या हुकांना रॅचेट बेल्टनं आवळा. पसरणी घाटात कचकन ब्रेक लागला तर सुटा खोका थेट ड्रायव्हरच्या पाठीत येतो. ओम्नी आणि इकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, तेव्हा त्या सीटखाली किंवा लगत काही कोंबू नका आणि तो भाग उघडायला मोकळा ठेवा. सीएनजी गाडी असेल तर टाकीच्या व्हॉल्व्हवर फळी येऊ देऊ नका. टाकीची दर तीन वर्षांची चाचणी झाली आहे ना, हेही याच निमित्तानं बघून घ्या. आणि चालू गाडीत फळीवर कुणी बसणार नाही, लहान मूलही झोपणार नाही. जेवढे बेल्ट तेवढीच माणसं.

गादी एकसंध नको, तीन तुकड्यांची घडीची शिवा. घडी केली की दिवसा बसायला होते. फोम चाळीस डेन्सिटीचा घ्या, स्वस्तातला फोम दोन महिन्यांत बसतो आणि फळी कमरेला टोचायला लागते. खोळ खालून रेक्झिनची, वरून सुती. दोन्ही बाजूंनी रेक्झिन लावलं तर रात्रभर घाम येईल. विटा-इचलकरंजीचं कापड आपल्याला लांब नाही, मीटरवर घ्या आणि गल्लीतल्या कुशनवाल्याकडून शिवून घ्या.

मजुरीसकट पंचवीस हजारांची मर्यादा घाला आणि तिच्या आत राहा. त्यापुढं जाणारा प्रत्येक रुपया शोभेचा असतो. बेसिनला टाकी लागते, टाकीला पंप लागतो, पंपाला बॅटरी लागते. त्यापेक्षा तोटीचा वीस लिटरचा कॅन आणि एक बादली बरी. दिव्यासाठी चार्जिंगचा कंदील, वाऱ्यासाठी पॉवर बँकवर चालणारा छोटा पंखा. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर काही चालवू नका. सकाळी सेल्फ नुसता कटकट वाजतो आणि मग बामणोलीच्या उतारावर धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

एक गोष्ट आधीच मान्य करा. या गाडीत दोन मोठी माणसं आणि फार तर एक लहान मूल झोपू शकतं. चौघांचं कुटुंब असेल तर दोघांसाठी तंबू घ्या आणि मागच्या दारापासून त्याच्यापर्यंत ताडपत्री ओढा. चौघांना आत कोंबायचा हट्ट धरला तर दुसऱ्या वेळी घरातलं कुणी यायला तयार होणार नाही.

जिवाशी खेळ नको

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथं रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृतावस्थेत सापडली. जनरेटरचा धूर आत शिरला होता. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस उठतच नाही. म्हणून इंजिन चालू ठेवून एसीत झोपायचं नाही, गाडीजवळ जनरेटर लावायचा नाही, थंडी आहे म्हणून आत शेगडी किंवा निखारे न्यायचे नाहीत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी डिसेंबर-जानेवारीत दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात, पण त्यावर उपाय जाड रजई आणि कानटोपी हाच. दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवा आणि त्यांना मच्छरदाणीचं कापड लावा. श्वासाची वाफ बाहेर गेली नाही तर सकाळी छतावरून थेंब पडतात आणि गादीला कुबट वास लागतो.

गॅस आत पेटवायचा नाही, पाऊस असला तरी. रात्री सिलिंडर गाडीबाहेर. खरं तर दोन दिवसांसाठी रोजचा स्वयंपाक कशाला मांडायचा? घरून धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, सांगलीचं भडंग घ्या आणि शेगडी फक्त चहाला ठेवा. वाटेत एखाद्या खानावळीत जेवलात तर त्या गावालाही चार पैसे मिळतात.

घाटात भरलेली गाडी ज्या गिअरमध्ये चढवाल त्याच गिअरमध्ये उतरवा. जुने ड्रायव्हर हे सांगत आले आहेत आणि वजन वाढलेल्या व्हॅनला ते जास्तच लागू पडतं.

कुठं आणि कधी

आधी संडास पाहा, मग देखावा. या गाडीत तो बसवता येणार नाही, आणि आई, बायको, मुलगी बरोबर असेल तर सगळ्यात पहिला प्रश्न हाच असतो, मग त्या तो बोलून दाखवोत किंवा न दाखवोत. देवस्थानचं भक्तनिवास, स्वच्छतागृह असलेला पेट्रोल पंप, ओळखीच्या ढाब्याचं आवार, कृषी पर्यटन केंद्र, नाहीतर पाहुण्यांचा मळा, यांतलं एक ठिकाण आधी फोन करून ठरवा. ओसाड माळावर फोटो चांगला येतो, पण रात्री दोन वाजता माळ उपयोगाचा नसतो.

परवानगी मागायला लाजू नका. गावात शिरल्यावर सरपंच, पोलीस पाटील किंवा देवळाचे पुजारी यांना भेटा: “आम्ही सांगलीचे, उद्या सकाळी निघू, गाडी इथं लावली तर चालेल का?” असं सरळ विचारा. बहुतेक वेळा जागा मिळते, वर पाण्याची सोयही कळते. कास पठारावर किंवा कोयना-चांदोलीच्या जंगलात गाडी लावून झोपायचा विचारही नको. कास २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि कोयना-चांदोली हे वाघांसाठी राखलेलं जंगल आहे. दिवसा बघा, रात्री खाली गावात या.

आपल्या दोन जिल्ह्यांचं एक भाग्य आहे, ते वापरा. पश्चिमेला महाबळेश्वर-कोयनेकडं वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माण-आटपाडीत जेमतेम पाचशेच्या आसपास. म्हणून पावसाळ्यात पूर्वेला जा आणि उन्हाळ्यात पश्चिमेला. जुलै-ऑगस्टमध्ये सगळी दुनिया ठोसेघर, महाबळेश्वरकडं धावते, घाटात गाड्यांच्या रांगा लागतात आणि डोंगर ढासळायचा काळही तोच. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं रात्रीत दरडी कोसळून माणसं गेली. तेव्हा त्या दिवसांत कड्याखाली मुक्काम नको, आणि नदीकाठी तर नकोच. सांगलीत आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी चाळीस फूट आणि धोका पातळी पंचेचाळीस फूट आहे, हे आपल्याकडं शाळकरी पोरंही सांगतात. धरणातून विसर्ग सुटला की पाणी तुमची झोप संपायची वाट बघत नाही.

त्याऐवजी पूर्वेला वळा. औंधला यमाईचा डोंगर आणि पंतप्रतिनिधींनी उभारलेलं भवानी संग्रहालय आहे. पुढं मायणीचा पक्ष्यांचा तलाव, म्हसवडचा आणि खरसुंडीचा सिद्धनाथ, शिखर शिंगणापूर. आटपाडीजवळ औंध संस्थानानं वसवलेली स्वतंत्रपूरची खुली वसाहत आहे. गदिमा आणि व्यंकटेश माडगूळकर याच माणदेशातले. ‘बनगरवाडी’ वाचून हा मुलूख बघा, मग तो नुसता माळ वाटणार नाही. सांगलीकरांना एका रात्रीचाच बेत हवा असेल तर देवराष्ट्रे जवळ आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव बघा, दिवसा सागरेश्वर अभयारण्यात हिंडा आणि पावसाळा नसेल तर मुक्कामाला औदुंबर गाठा. साताऱ्याच्या लोकांनी थंडीत वाई, मेणवली, धोम असा फेरा करावा. अंतर थोडं, रस्ता बरा आणि कृष्णाकाठचे घाट सकाळी मोकळे असतात.

जाल तिथं मोठ्यानं गाणी नकोत, दारू नको, चूल पेटवून काळा डाग मागं ठेवणं नको. कचऱ्याची पिशवी आपल्या गाडीतून आपल्याच गावात परत आली पाहिजे. एका गाडीनं घाण केली की पुढच्या दहा गाड्यांना त्या गावचं फाटक बंद होतं.

शेवटची विनंती तरुण मंडळांना आणि भावकीला. एकाच मॉडेलच्या इको आतून सारख्याच असतात, म्हणजे एका गाडीच्या मापानं केलेला खोका गल्लीतल्या दुसऱ्या गाडीतही बसतो. मग प्रत्येकानं वेगळा खर्च कशाला करायचा? चार घरांनी मिळून एक संच करा, एक वही ठेवा, पाळीनं वापरा. मंडळाच्या खोलीत सतरंज्या, कढया आणि पंक्तीची ताटं असतातच, त्यांच्या शेजारी हा संच राहील. ज्याच्या घरी स्वतःची गाडी नाही त्यालाही शेजाऱ्याची गाडी आणि मंडळाचा खोका घेऊन म्हाताऱ्या आईवडिलांना शिंगणापूर दाखवता येईल. गाडीतच पलंग ठोकून बसलात तर तो पलंग फक्त तुमचा राहतो आणि गाडी विकताना गिऱ्हाईक त्याचेच पैसे कापून घेतं.

तेव्हा या शनिवारी फक्त टेप घ्या आणि तिन्ही मापं लिहून काढा. सामान तयार झालं की पहिली रात्र स्वतःच्या अंगणात किंवा मळ्यात गाडी लावून त्यातच झोपा. कंबर कुठं टोचते, डास कुठून येतात, रात्री उठायचं झालं तर चप्पल कुठं सापडते, हे सगळं त्या एका रात्रीत कळेल. फळीची चूक घराजवळच दुरुस्त करा, घाटात सुतार भेटत नाही.